दोघांपुरतं

दोघांपुरता भात किती लावायचा, हे मला त्या संध्याकाळी कळेना. लेकीनं पिशवीत तांदूळ, मुगाची डाळ, गोडा मसाला, तुपाची छोटी बरणी असं सगळं भरून दिलं होतं, वाटी मात्र नव्हती. मी तिथलाच एक चहाचा कप घेतला आणि अंदाजानं डाळ-तांदूळ ओतले. खिचडी फुलून पातेल्याच्या काठाशी आली, तेव्हा लक्षात आलं की ही पाच माणसांची झाली. हात तसाच पडला होता. लग्न झाल्यापासून जसा पडतो, तसाच.

बक्स्टनला आम्ही आपण होऊन गेलो नव्हतो. लेकीच्या बाळंतपणासाठी मँचेस्टरला येऊन तीन महिने झाले होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, नातीची तेल लावून आंघोळ, रात्रीची जागरणं, सगळं यथासांग चाललं होतं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी लेक म्हणाली, "आई, शुक्रवारी तू आणि बाबा दोन रात्रींसाठी बाहेर जाताय. घर ठरवलंय." मला वाटलं, सगळेच निघालोय. मी लगेच दुपटी मोजायला घेतली. ती म्हणाली, "तुम्ही दोघंच. ते घर दोघांसाठीच आहे. तिसऱ्या माणसाला तिथं जागाच नाही."

अशी घरं असतात हे मला माहीत नव्हतं. म्हणजे हॉटेलातली खोली माहीत होती. पण अख्खं घर, चूल-भांड्यांसकट, आणि ते मुद्दाम दोनच माणसांसाठी मांडलेलं? आमच्याकडे घर म्हटलं की पहिला हिशोब गाद्यांचा. किती अंथरुणं पडतील, पाहुणा आला तर कुठे निजेल.

मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनावरून बक्स्टन गाडीनं तासाभराच्या अंतरावर आहे. गाडी चढत जाते. आधी विटांची घरं, मग दगडी कुंपणं, मेंढ्या, आणि डोंगर कापून काढलेल्या पांढऱ्या खाणी. या भागाला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९५१ साली इथेच झालं, पण भोवतालच्या चुनखडीच्या खाणींमुळे बक्स्टन गाव त्याच्या हद्दीबाहेर ठेवलं गेलं. नकाशात उद्यानाची हिरवी सीमा गावाला वळसा घालून जाते. गाव उंचावर आहे, वरचा बाजार समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर. आमचं घर त्या बाजारामागच्या गल्लीत होतं. बॅग ओढत चढण चढताना यांना दोनदा थांबावं लागलं. गुडघ्यांचं दुखणं यांना वडिलांकडून आलंय.

दार इतकं बुटकं की हे वाकून आत शिरले. हातभर जाडीच्या दगडी भिंती. खाली एकच खोली, तिच्यातच ओटा, टेबल आणि लाकडं जाळायची लोखंडी शेगडी. वर जायला उभा जिना आणि उतरत्या छपराखाली पलंग. दोन खुर्च्या, दोन कप, दोन ताटल्या, दाराशी दोन खुंट्या, कोपऱ्यात दोन छत्र्या. टेबलावर टोपलीत पाव, लोणी, अंडी आणि ओटच्या पिठाच्या मऊ, जाळीदार पोळ्या. इथल्या डर्बीशर परगण्यात त्यांना ओटकेक म्हणतात. पीठ आंबवून तव्यावर घालतात. मी एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हटलं, ही तर आंबोळी. गूळ-नारळाच्या रसाशी छान लागली असती.

भिंतीवर एका चौकटीत घराची माहिती लावलेली होती. यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे चुन्याच्या खाणीत राबणारं एक कुटुंब राहायचं. आई, बाप आणि सात मुलं. याच दोन खोल्यांत.

हे काही क्षण तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आपण सातच होतो."

लालबागच्या चाळीत आमची एक खोली होती आणि पुढे सामाईक गॅलरी. १९८६ साली मी त्या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासू, सासरे, दोन दीर, सगळ्यांत धाकटी नऊ वर्षांची नणंद आणि आम्ही दोघं. सासरे गिरणीत साचेखात्यात होते. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. सासऱ्यांची गिरणी त्यानंतर त्यांना पुन्हा घेईना. मी आले तेव्हा घरात यांचा एकट्याचा पगार होता. सासरे तरीही सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे.

त्या पहिल्या संध्याकाळी बक्स्टनच्या घरात आम्हाला बोलायला काही सुचलं नाही, हे खरं आहे. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. पण आमची सगळी बोलणी कुणाच्या तरी निमित्तानं व्हायची, हे मला तिथे प्रथमच दिसलं. आईचं औषध आणलं का? मुलाची फी भरली का? बाळ झोपलं का? ती निमित्तं गेल्यावर दोन खुर्च्या उरल्या आणि शेगडीतल्या लाकडांचा तडतड आवाज. हे म्हणाले, "बंबासारखा वास येतोय." तेवढंच. मी उरलेली खिचडी झाकून ठेवली आणि लेकीला फोन लावला. तिनं तो उचलला नाही. थोड्या वेळानं संदेश आला, "सगळं ठीक आहे. फोन करू नका."

सकाळी आम्ही खाली गावात उतरलो. या गावाचा जीव एका झऱ्यात आहे. चुनखडीत मुरलेलं पावसाचं पाणी खूप खोल जातं, तिथे तापतं आणि भेगांतून पुन्हा वर येतं. भूवैज्ञानिकांच्या अंदाजानं आज वर येणारं पाणी सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी आभाळातून पडलेलं आहे. त्याचं तापमान बारा महिने जवळपास साडेसत्तावीस अंश राहतं. सेंट ॲन्स वेल या नावाची तोटी रस्त्याच्या कडेलाच आहे. पाणी अखंड वाहतं आणि कुणीही फुकट भरून न्यावं. आम्ही गेलो तेव्हा एक बाई गाडीच्या डिकीतून रिकामे कॅन काढून ओळीनं भरत होत्या. आम्हाला बघून बाजूला झाल्या.

मी ओंजळ पुढे केली आणि मनातून थोडी खट्टू झाले. गरम पाण्याचा झरा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे वज्रेश्वरी होती, जिथे कुंडात पाय टाकला की पहिल्यांदा काढूनच घ्यावा लागतो. कोकणात अशा झऱ्यांना उन्हाळं म्हणतात. राजापूरजवळच्या गावाचं नावच उन्हाळे आहे. इथलं पाणी नुसतं कोमट. पण बाहेर गोठवणारा वारा होता, आणि हात तिथेच धरून ठेवावासा वाटू लागला. थंडीत आमच्या गावच्या विहिरीतून पहाटे काढलेलं पाणी असंच लागायचं. चवीला अगदी साधं, जिभेवर थोडं जड. हे दोन ओंजळी प्याले आणि तिसरी चेहऱ्यावरून फिरवली.

या पाण्यापाशी माणसं फार पूर्वीपासून येत आली आहेत. रोमन लोकांनी गावाला आर्नेमेटिया या देवीच्या नावावरून नाव दिलं होतं. झऱ्यात टाकलेली त्यांची नाणी सापडली आहेत. पुढे देवीची जागा सेंट ॲन या संत स्त्रीनं घेतली आणि बरी झालेली माणसं तिथे आपल्या कुबड्या, सदरे, मेणाच्या वस्तू वाहून जाऊ लागली. १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमावरून त्या सगळ्या वस्तू काढून नेल्या आणि झरा मोहोरबंद केला. ते वाचून मला फार वाईट वाटलं. नवस फेडायला आणलेली कुबडी म्हणजे एका माणसाच्या चाललेल्या पावलांचा पुरावा असतो. वज्रेश्वरीचं देऊळ तरी कशातून उभं राहिलं? चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलला, १७३९ साली किल्ला सर झाला, आणि देऊळ झालं. देवीला काही म्हणा, दुखऱ्या माणसाला कोमट पाण्याशी बोलायला कुणीतरी लागतं.

झरा काही फार काळ बंद राहिला नाही. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडात कैदेत असताना संधिवातावर उपाय म्हणून पहाऱ्यात इथे यायची. पहिल्यांदा १५७३ साली आली आणि शेवटची १५८४ साली. त्या शेवटच्या भेटीत तिनं खिडकीच्या काचेवर लॅटिनमध्ये निरोप कोरला असं सांगतात. उष्ण पाण्यासाठी ख्यात असलेल्या बक्स्टना, आता बहुधा तुझ्याकडे येणं नाही, निरोप घेते, असा त्याचा अर्थ. तीन वर्षांनी तिचा शिरच्छेद झाला.

झऱ्यासमोरची अर्धचंद्राकृती भव्य इमारत, क्रेसंट, पाचव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरनं १७८०च्या दशकात बांधून घेतली, गरम झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बाथ या शहराशी बरोबरी करायला. वास्तुकार यॉर्कचा जॉन कार. कित्येक वर्षं ती मोडकळीला आली होती. दुरुस्त होऊन २०२० साली तिथे हॉटेल सुरू झालं. देखणी आहे, यात शंका नाही. पण मला तिथे थांबावंसं वाटलं नाही. मला ओढलं ते तिच्यामागच्या टेकडीवरच्या घुमटानं.

तो घुमट दुरून एखाद्या मोठ्या मंदिराचा वाटतो. मूळची ती घोड्यांची पागा. क्रेसंटमध्ये उतरणाऱ्या पाहुण्यांचे ११० घोडे तिथे बांधायचे, आणि मध्ये उघडं गोल अंगण होतं. १८५९ साली पागेच्या एका भागात गरिबांसाठी इस्पितळ सुरू झालं. पुढची हकिगत मी तिथल्या एका बाकावर बसून वाचली, आणि वाचताना मला आमच्या चाळीचा जिना दिसायला लागला.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस येईनासा झाला. मँचेस्टरभोवतालच्या लँकेशर परगण्यातल्या गिरण्या थंडावल्या, लाखो कामगार उपाशी पडले. त्यांच्यासाठी देशभरातून मदत गोळा झाली. युद्ध संपल्यावर त्या निधीतून उरलेला पैसा गिरणगावांतल्या आजारी माणसांच्या उपचारांसाठी आणि हवापालटासाठी राखून ठेवला गेला. त्याच निधीनं या इस्पितळाला २५ हजार पौंड दिले, साऱ्या इमारतीचं इस्पितळ करण्यासाठी. ३०० खाटांची सोय झाली, आणि उघड्या अंगणावर रॉबर्ट रिपन ड्यूक या वास्तुकारानं लोखंडी सांगाड्याचा घुमट चढवला. १८८१ साली तो पुरा झाला. व्यास सुमारे ४४ मीटर, लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटापेक्षा मोठा, आणि मध्ये एकही खांब नाही. त्याखाली सांधे धरलेले कामगार पावसापाण्यात न भिजता फेऱ्या मारायचे.

आणि युद्धाच्या त्या चार वर्षांत आमच्या मुंबईत काय चाललं होतं? अमेरिकेचा कापूस अडला म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा धो धो वाहिला, कंपन्या निघाल्या, समुद्र हटवायच्या योजना झाल्या. १८६५ साली युद्ध संपलं आणि सगळं एका झटक्यात कोसळलं. शाळेत मी हे शिकले होते, ते मुंबईच्या बाजूनं. त्या भरभराटीच्या दुसऱ्या टोकाला रिकाम्या चुली होत्या, हे मला बक्स्टनला कळलं. आणि हेही, की त्या चुलींसाठी जमलेल्या पैशातून उरलेलं लोकांनी खाऊन टाकलं नाही. त्याचा त्यांनी घुमट केला.

हे घुमटाच्या मधोमध उभे होते. इस्पितळ २००० साली बंद झालं, आता तिथे डर्बी विद्यापीठाची मुलं शिकतात. शनिवार असल्यानं फारसं कुणी नव्हतं. मध्यभागी उभं राहून काही बोललं की आवाज वरून परत येतो. यांनी घसा खाकरला, तो परत आला. मला वाटलं, काही बोलतील. ते बोलले नाहीत. वर बघत राहिले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अगं, बाबांना असं काही मिळायला हवं होतं." सासऱ्यांचे गुडघे, बोटांचे सांधे, रात्रीचा खोकला, हे सगळं त्या एका वाक्यात होतं. आम्ही त्यांना एकदा वज्रेश्वरीला नेलं होतं, ठाण्याहून एसटीनं. आधी देवीचं दर्शन, मग अकलोलीच्या कुंडावर. पण तेही सगळे मिळून. शेजाऱ्यांसकट अकरा माणसं, पुरीभाजीचे डबे, आणि कुंडावर इतकी गर्दी की सासऱ्यांना पाच मिनिटंही निवांत पाय सोडता आले नाहीत.

दुपारी यांना क्रिकेटचं मैदान बघायचं होतं. यांच्या दृष्टीनं बक्स्टनची ओळख तीच. द पार्क नावाचा एक गोल रस्ता आहे, भोवती मोठे बंगले, मध्ये मैदान. १९७५ सालच्या जूनमध्ये इथे डर्बीशर आणि लँकेशर यांचा सामना होता. शनिवारी क्लाइव्ह लॉइडनं नाबाद १६७ केले, लँकेशरचा डाव ५ बाद ४७७. रविवारी या सामन्याला सुट्टी. सोमवारी, २ जूनला, खेळाडू आले तर मैदानावर बर्फ. जूनमध्ये! त्या दिवशी खेळ झाला नाही. मंगळवारी बर्फ वितळलेल्या खेळपट्टीवर डर्बीशर ४२ आणि ८७ धावांत गारद झालं. "आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी," हे सांगत होते, "७ जूनला, लॉर्ड्सवर पहिला वर्ल्ड कप सुरू झाला. गावसकर साठ षटकं खेळून नाबाद ३६. चेंडू १७४." हे तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे, शेजारच्यांच्या रेडिओला कान लावून बसलेले. ती चिडचिड अजून आवाजात होती. मी हे याआधी ऐकलं नव्हतं असं नाही, पण नेहमी भाजी निवडता निवडता. या वेळी मी नुसती ऐकत होते, आणि हे माझ्याकडे बघून सांगत होते.

त्याच गोल रस्त्यावर मेलरोज नावाच्या घरात व्हेरा ब्रिटन राहायची, पुढे लेखिका आणि युद्धविरोधी चळवळीतली कार्यकर्ती म्हणून प्रसिद्ध झालेली. तिला या गावाचा फार कंटाळा होता. तिला शिकायचं होतं. हट्टानं ती १९१४ साली ऑक्सफर्डला गेली. भावाचा मित्र रोलंड लेटन त्याच वर्षी ईस्टरला इथे पाहुणा म्हणून आला होता. दोघांचं जुळलं आणि महायुद्ध आलं. त्या काळी चांगल्या घरच्या मुलीनं तरुणाबरोबर एकटीनं कुठे जाणं बसायचं नाही, सोबतीला वडीलधारं कुणीतरी हवंच. लढाईवर निघालेल्या मुलाला भेटायला जायचं, तर तेही मावशीच्या नजरेखाली. १९१५च्या ऑगस्टमध्ये त्यांचं लग्न ठरलं. त्या उन्हाळ्यात ती या घुमटाखालच्या इस्पितळातच जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होती, पुढे लंडनला गेली. नाताळात रोलंडला रजा मिळणार होती. ब्रायटनच्या हॉटेलात ती वाट बघत थांबली. २६ डिसेंबरला सकाळी फोन आला. तिला वाटलं, त्याचाच. तो २३ तारखेलाच फ्रान्समध्ये मरण पावला होता.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, लेकीनं सांगितलेलं. पण त्या रस्त्यावर उभं राहून मी मनाशी हिशोब करत राहिले. वर्षा-दीड वर्षाच्या ओळखीत त्या दोघांना खऱ्या अर्थानं दोघंच असे किती तास मिळाले असतील? मैदानावर धुकं उतरत होतं. यांनी माझी शाल नीट केली.

संध्याकाळी आम्ही पोहायला गेलो. हे वाक्य लिहिताना मला आजही नवल वाटतं. पॅव्हिलियन गार्डन्स या बागेला लागून सार्वजनिक पोहण्याचा तलाव आहे आणि त्यात याच झऱ्याचं पाणी सोडतात. लेकीनं माझ्या बॅगेत पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख ठेवला होता आणि वर चिठ्ठी, "लाजू नकोस." मी साठीची, कधी गळ्यापर्यंत पाण्यात उतरलेली नव्हते. वज्रेश्वरीला कुंडात बसले होते, तेही नेसत्या लुगड्यानिशी, सासूबाईंचा हात धरून. हे गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले. मला म्हणाले, "मान सोड. मी धरलंय." आणि खरंच त्यांनी माझ्या डोक्याखाली तळहात धरला होता. कान पाण्यात बुडाले तसे सगळे आवाज बंद झाले. छतावरचे दिवे दिसत होते आणि यांची हनुवटी. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. आणखी दोन-तीन म्हातारी जोडपी होती, तीही अशीच हळूहळू पाण्यात फिरत.

परत आलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता. शेगडी पेटवली. आदल्या दिवशीची खिचडी तव्यावर तूप घालून परतली, ती बरोब्बर संपली. हे खुर्ची शेगडीजवळ ओढून पाय शेकत बसले, आणि कसं कोण जाणे, बोलणं चाळीकडे वळलं. हे म्हणाले, "आई किती भाविक होती, नाही? गुरुवार नाही, शनिवार नाही, कीर्तन चुकवायची नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. यांना खरंच माहीत नव्हतं.

लग्नानंतरची दोन वर्षं, गुरुवारी आणि शनिवारी रात्री जेवणं झाली की सासूबाई पदर खोचून उठायच्या आणि विठ्ठलाच्या देवळात कीर्तनाला निघायच्या. जाताना दोन्ही दिरांना आणि नणंदेला बरोबर घ्यायच्या. मुलं कुरकुरायची, त्या ऐकायच्या नाहीत. सासरे त्याच वेळी विडी घेऊन व्यायामशाळेच्या ओट्यावर जाऊन बसायचे. दोन, कधी अडीच तास. त्या घरात एरवी दाराला कडी घालायची पद्धतच नव्हती. बाहेर पडताना सासूबाई दार ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आतून लावून घे गं, मांजर येतं." आमच्या मजल्यावर मांजर कधी आलेलं मी पाहिलं नाही.

शेवटच्या आजारात, डोंबिवलीच्या घरी, मी त्यांचे पाय चेपत असताना त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, "मला कीर्तनाचं काही नव्हतं गं. दिवसभराच्या कामानं तिथे बसल्या बसल्या डोळे मिटायचे. बुवा काय सांगतायत ते एक अक्षर कळायचं नाही. पण तुम्हाला घर मोकळं करून द्यायला दुसरीकडे जाणार कुठे? देवळात कुणी उठ म्हणत नाही." एवढंच बोलल्या आणि कुशीवर वळल्या. मी ते यांना कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखी वेळ आली नाही, की बाईचं बाईपाशी बोललेलं म्हणून ठेवलं, मला नक्की सांगता येत नाही.

बक्स्टनच्या त्या घरात मी ते सांगितलं. कडीचं, मांजराचं, देवळात मिटणाऱ्या डोळ्यांचं, सगळं.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. शेगडीचं दार उघडून एक लाकूड आत सारलं. बाहेर पाऊस कौलांवरून पन्हळीत उतरत होता.

"पावसाळ्यात?" त्यांनी विचारलं. "पावसाळ्यातही जायची?"

"जायच्या."

"छत्री एकच होती गं घरात."

"ती बाबांना द्यायच्या. मुलांना गोणपाटाची खोळ करून द्यायच्या."

"आणि ती?"

"भिजूनच यायच्या. दार वाजवायच्या आधी गॅलरीत उभ्या राहून पदर पिळायच्या. मला आतून ऐकू यायचं."